बांधावरची भिशी

१. खांबालाच सिमकार्ड का नाही?

पोयनाड सोडून धरमतर खाडीच्या अंगाला वळलं की खारेपाट सुरू होतो. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला तिवरांची दाटी आणि खाडी, मध्ये मातीचा बांध. कुठे कमरेएवढा, कुठे डोक्याच्याही वर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी या बांधाच्या माथ्याशी येऊन टेकतं. आतली भाताची रोपं तेव्हा त्या पाण्याच्या पातळीखाली उभी असतात. बांधाला खांड पडली की खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा आत शिरलेलं मीठ पुढची दोन-तीन वर्षं धड पीक येऊ देत नाही. पूर्वी बांध राखायला ‘जोळ’ असे, म्हणजे ज्यांची ज्यांची शेती त्या बांधाआड, त्या सगळ्यांनी मिळून अंगमेहनतीने बांध सांभाळायचा. रात्रीच्या भरतीला कंदील घेऊन बांधावर फेऱ्या मारायच्या, कुठे झिरपतंय का ते पाहायचं, खेकड्यांची बिळं बुजवायची. खेकड्यांवर धरणफुटीचं खापर फोडून एक मंत्री महाराष्ट्रभर चेष्टेचा विषय झाले होते. पण मातीच्या बांधाला खेकडा पोखरतो, हे खारेपाटातलं शेंबडं पोरही सांगेल.

अशाच एका बांधावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी एक कल्पना समजावून सांगत होतो. दर वीस मीटरला एक बारका खांब रोवायचा. त्यावर ओंजळीएवढी पेटी. बांधाच्या माथ्यापासून पाणी किती खाली आहे ते ती मोजणार आणि गावातल्या चौकीला कळवणार. म्हणजे रात्री कंदील घेऊन फिरायला नको. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि विचारलं, “मंग परत्येक खांबाला शिमकारड का नाय बसवत? ज्याची त्याची खबर त्यानीच द्यायची!”

हा प्रश्न मला या विषयावर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला आहे, आणि प्रश्न रास्त आहे. खांबांनी आपापसांत गट करायचे, गटाचा एक प्रमुख नेमायचा, सगळ्यांनी त्याला सांगायचं आणि त्याने चौकीला, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? त्याला बिनतारी संवेदक जाळ्यांच्या शास्त्रात ‘क्लस्टरिंग’ म्हणतात. आपण सरळ ‘गट पाडणं’ म्हणू.

दोन उत्तरं लगेच देता येतात. एक, शंभर खांब म्हणजे शंभर सिमकार्डं आणि शंभर रिचार्ज. दोन, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा विजेपाठोपाठ मोबाइलचे मनोरेही गप्प झाले होते, आणि गावंच्या गावं कित्येक दिवस संपर्काबाहेर राहिली. ज्या रात्री खबर सर्वांत जास्त हवी, त्याच रात्री मनोऱ्याचा भरवसा सर्वांत कमी. पण खरं उत्तर तिसरं आहे आणि ते बॅटरीत दडलेलं आहे. तिथपर्यंत पोचायला आधी त्या पेटीत काय असतं ते पाहू.

२. पेटीतले चार अवयव

मोजणारं यंत्र दूर एकांतात बसवायचं आणि त्याची खबर मोठ्या गावी आणायची, ही गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. मुंबईत ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा कुलाबा वेधशाळेच्या डॉ. नानाभाई मूस यांच्यापुढे पेच पडला. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे बारीक बदल टिपणारी त्यांची उपकरणं ट्रामच्या विजेने बिथरली असती. म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली. इमारत बांधताना लोखंड कटाक्षाने टाळलं. ही वेधशाळा आजही चालू आहे. फरक इतकाच की तिच्या दिमतीला माणसं होती, इमारत होती, पुढे वीज होती. आपल्या खांबाला यातलं काहीच नाही.

खांबावरच्या पेटीला ‘नोड’ म्हणतात. तिला चार अवयव. पाणी, दाब, तापमान, हादरा यांपैकी काहीतरी ओळखणारं इंद्रिय, म्हणजे सेन्सर. आलेला आकडा जपणारा आणि त्याच्यावर थोडाफार विचार करणारा बारका मेंदू. बोलायला आणि ऐकायला एक रेडिओ. आणि या तिघांना पोसणारं पोट, म्हणजे बॅटरी. पोट एकदाच भरून मिळतं. तिवरांत गुडघाभर चिखल तुडवत जाऊन शंभर पेट्यांचे सेल बदलायला कुणी रिकामं नसतं. या क्षेत्रातली सगळी हुशारी शेवटी या पोटाभोवती फिरते.

चौघांत खादाड कोण? मोजणं स्वस्त, विचार करणंही स्वस्त. बोलणं महाग. आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही, पण ऐकत बसणंही तितकंच महाग. वीस वर्षांपूर्वीच्या नोडमधल्या रेडिओला नुसते कान टवकारून बसायला सुमारे २० मिलिअँपिअर वीज लागे. दोन पेन्सिल सेल घातलेला असा नोड अखंड ऐकत राहिला तर पाच-सहा दिवसांत संपे. कुणी काही बोललं नाही तरीही!

३. ओरडण्याची किंमत

खाडीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाला कुकारा घालून पाहा. शेजारी उभ्या माणसाशी बोलायला जितका दम लागतो त्याच्या दुप्पट अंतराला दुप्पट दम पुरत नाही, चौपट लागतो. कारण आवाज एका रेषेत जात नाही, तो चहूकडे पसरतो. कंदिलाचा उजेड दूर जाता जाता विरळ होतो तसाच. रेडिओचंही तेच. अंतर दहापट झालं की जोर शंभरपट.

थोडे आकडे घेऊ. ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. अलिबागचा शंभर ग्रॅमचा पांढरा कांदा जमिनीवरून मीटरभर उचलायला साधारण एक ज्यूल लागतो. नोडचा व्यवहार याहून फार बारीक, म्हणून एका ज्यूलचे दहा लाख तुकडे करू आणि त्यातल्या एकाला ‘कण’ म्हणू. एक निरोप म्हणजे १००० बिट, साधारण एका एसएमएसएवढा. या विषयातल्या सुरुवातीच्या अभ्यासांनी धरलेले दर वापरले तर हिशेब असा येतो: निरोप पाठवताना रेडिओची यंत्रणा चालवायला ५० कण. तो हवेत ढकलायला वीस मीटरसाठी ४० कण, शंभर मीटरसाठी १,०००, आणि पाचशे मीटरसाठी २५,०००. ऐकणाऱ्याला दर निरोपामागे ५० कण.

चाळीस कुठे आणि पंचवीस हजार कुठे. शिवाय हे दर दिलदार आहेत. अँटेना जमिनीलगत असेल, मध्ये ओली तिवरं असतील, खाली पाणी चमकत असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर जोर चौपट नव्हे, सोळापटीपर्यंत लावावा लागतो. खारेपाटात यातलं सगळंच असतं.

४. दहा खांब, एक चौकी

आता बांधावरचे दहा शेजारी खांब घेऊ. चौकी पाचशे मीटरवर. दर तासाला प्रत्येकाने एक निरोप द्यायचा. प्रत्येकाच्या पोटात दहा ज्यूल, म्हणजे एक कोटी कण. (खऱ्या पेन्सिल सेलमध्ये याच्या हजारपट ऊर्जा असते, पण तिचे वाटेकरीही खूप असतात. हिशेब डोळ्यांपुढे राहावा म्हणून लहान आकडा घेतला आहे.)

पहिला मार्ग आजोबांचा. ज्याने त्याने थेट चौकीला सांगायचं. प्रत्येक निरोपाला ५० अधिक २५,०००, म्हणजे २५,०५० कण. एक कोटीला त्याने भागा: ३९९ फेऱ्या. तासाला एक फेरी धरली तर १ जूनला भरलेलं पोट १७ जूनला रिकामं. पाऊस नुकता कुठे जोर धरत असतो, आणि जुलै-ऑगस्टची मोठी उधाणं अजून यायची असतात.

दुसरा मार्ग. दहातला एक, समजा पाचवा खांब, कायमचा गटप्रमुख. बाकीचे नऊ जण त्याला हळू आवाजात सांगतात. काही जण वीसहून जास्त मीटरवर आहेत, पण सोपेपणासाठी सगळे वीस मीटरवरच धरू. प्रत्येकी ९० कण. प्रमुख नऊ निरोप ऐकतो, त्याचे ४५०. स्वतःच्या आकड्यासह दहांचा एक निरोप करतो, त्या डोकेखाजीचे ५०. मग तो एकच निरोप चौकीला पोचवतो, त्याचे २५,०५०. दहा जणांचा मिळून खर्च २६,३६०. आधीच्या मार्गात तोच अडीच लाखांच्या वर होता. साडेनऊ पट बचत.

वा! असं म्हणून इथे थांबलं की फसगत होते. बचत गटाची झाली, प्रमुखाची नाही. त्याचा स्वतःचा खर्च २५,५५०, म्हणजे थेट बोलत होता तेव्हापेक्षाही जास्त. तो ३९१ फेऱ्यांत संपेल, आजोबांच्या मार्गाच्याही आठ तास आधी. उरलेल्या नवांची पोटं जवळजवळ भरलेली, आणि त्यांचं म्हणणं पुढे नेणारा कुणी नाही. गावातल्या कुठल्याही मंडळात असा एक माणूस असतो. पावतीपुस्तक त्याच्याकडे, मांडववाल्याशी बोलणं त्याच्याकडे, पोलीस परवानगी त्याच्याकडे, आणि दोन वर्षांत तो मंडळाचं नाव काढलं तरी चिडतो.

तिसरा मार्ग म्हणजे पाळी. दर फेरीला प्रमुख बदलायचा. दहा फेऱ्यांत प्रत्येक खांब एकदा प्रमुख होतो, त्याचे २५,५५०, आणि नऊदा साधा सभासद, त्याचे ८१०. दहा फेऱ्यांचे मिळून २६,३६०. एक कोटीत अशा ३,७९३ फेऱ्या बसतात. तासांचे दिवस करा: १५८. १ जूनला भरलेलं पोट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतं. पेटी तीच, सेल तेच, पाऊस संपून दिवाळीच्या आसपास येऊन पोचलो.

५. पाळी कुणी ठरवायची?

ही पाळी लावायची तर कुणीतरी रजिस्टर ठेवायला हवं. चौकीने ठेवलं तर चौकीला दर तासाला दहाही खांबांना ‘आता तू, आता तू’ असं कळवावं लागेल, आणि ते ऐकायला सगळ्यांनी कान उघडे ठेवायला हवेत. कानांची किंमत आपण पाहिलीच.

या कोड्याचं एक सुरेख उत्तर २००० सालच्या जानेवारीत हवाई बेटांवरच्या एका परिषदेत मांडलं गेलं. मांडणारे अमेरिकेतल्या एमआयटीचे वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन. यातल्या बालकृष्णन यांचा जन्म नागपूरचा. पद्धतीच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून ‘लीच’ हा शब्द बनला. ऐकायला जळूच्या इंग्रजी नावासारखाच. पावसाळ्यात सह्याद्रीत पायाला चिकटणाऱ्या जळवा रक्त पितात, ही मात्र रक्त वाचवणारी.

लीच समजायला भिशी आठवावी. दहा बायकांची भिशी. दर महिन्याला डब्यातून एक चिठ्ठी काढायची. जिची भिशी लागली तिची चिठ्ठी पुन्हा डब्यात जात नाही, सगळ्यांच्या लागेपर्यंत. पहिल्या महिन्यात प्रत्येकीला दहात एक संधी. दुसऱ्या महिन्यात उरलेल्या नऊजणींना नवात एक. असं करत नवव्या महिन्यात दोघींत एक, आणि दहाव्या महिन्यात जी उरली तिला चिठ्ठी न काढताच माहीत असतं. दहा महिने संपले की सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात.

लीच हीच भिशी खेळते, फक्त इथे लागतो तो पैसा नव्हे, तर कामाचा बोजा. आणि गंमत अशी की डबा कुणाकडेच नाही. प्रत्येक नोड आपापल्या जागी, कुणाला न विचारता, मनातल्या मनात एक चिठ्ठी काढतो. पहिल्या फेरीला दहात एक, दुसऱ्याला नवात एक, अशा वाढत्या शक्यतेने. चिठ्ठी लागली की तो जाहीर करतो, ‘या फेरीला मी.’ ज्यांची या चक्रात एकदा लागून गेली आहे ते सगळ्यांची होईपर्यंत चिठ्ठीच काढत नाहीत. रजिस्टर नको, चौकी नको, भांडण नको. त्या तिघांनी संगणकावर शंभर नोडांचं जाळं चालवून पाहिलं. शंभरात पाचेक प्रमुख असले की हिशेब सर्वांत चांगला बसतो असं दिसलं, आणि रूढ पद्धतींच्या तुलनेत खर्च आठव्या हिश्शापर्यंत खाली आला.

पण डबा नसण्याची एक किंमत आहे आणि ती पुस्तकांत पुरेशी सांगत नाहीत. डब्यातून दर वेळी नेमकी एक चिठ्ठी निघते. मनातल्या चिठ्ठ्यांचं तसं नाही. एखाद्या फेरीला तिघांची लागेल, एखादीला कुणाचीच नाही. आपल्या दहा खांबांत पहिल्याच फेरीला कुणाचीच न लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला न लागण्याची शक्यता दहात नऊ, म्हणजे ०.९. तिला दहा वेळा स्वतःशी गुणा. उत्तर येतं ०.३५. तीन फेऱ्यांमागे एक फेरी बिनपुढाऱ्याची! त्या फेरीला सगळ्यांना थेट ओरडावं लागतं आणि आपली सगळी काटकसर मातीत जाते. हेच शंभर नोड आणि शंभरात पाच प्रमुख असं असेल तर ही शक्यता हजारात सहावर येते. थोडक्यात, लीच गर्दीसाठी आहे. दहा जणांच्या मंडळाने खुशाल क्रमांक लावून घ्यावेत, एक ते दहा.

६. गटात बोलायची रीत

प्रमुखांनी आरोळी दिली की बाकीचे कुणाचा आवाज सर्वांत खणखणीत येतो ते पाहतात आणि त्याला कळवतात, ‘मी तुझ्याकडे.’ खणखणीत म्हणजे बहुधा जवळचा. मग प्रमुख वेळापत्रक लावतो. पहिल्या सेकंदाला तिसरा खांब, दुसऱ्याला चौथा. दोघे एकदम बोलले तर कुणाचंच कळत नाही आणि दोघांचाही दम वाया जातो, म्हणून ही शिस्त.

वेळापत्रकाचा खरा फायदा वेगळाच आहे. आपला सेकंद केव्हा हे कळलं की उरलेला तास झोपता येतं. कान बंद, तोंड बंद, मेंदू पेंगतोय. सभासदाचा तासाचा खर्च इतका कमी येतो तो या झोपेमुळे. जागा राहतो फक्त प्रमुख. म्हणून पाळीचं महत्त्व दुप्पट. शेजारच्या दोन गटांची कुजबुज एकमेकांत मिसळू नये यासाठीही तजवीज असते, तिच्यात शिरायला नको.

७. सरासरी कशी गळा कापते

प्रमुख दहांचा एक निरोप करतो, असं मी वर सहज म्हणून गेलो. ते ‘कसं’ करतो यावर बांध राहणार की जाणार हे ठरतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

रात्री पावणेदोनची भरती. खाडीचं पाणी सपाट आहे, सगळीकडे एका पातळीला. नऊ खांब सांगतात, ‘माथ्यापासून पाणी ४० सेंटीमीटर खाली.’ सातवा सांगतो, ‘५ सेंटीमीटर.’ पाणी तिथेच तेवढं चढलं असं होऊच शकत नाही. खचलाय तो बांध, आणि बांधात रोवलेला खांबही त्याच्यासकट खाली गेलाय. आता प्रमुखाने सरासरी काढली तर? नऊ चाळिसं ३६०, अधिक ५, भागिले १०. साडेछत्तीस. चौकीवरच्या माणसाला दिसतं ३६.५, आणि तो कूस बदलून झोपतो.

लीचवर आणि तिच्या भावंडांवर लिहिलेल्या बऱ्याच लेखांत ‘प्रमुख माहिती एकत्र करतो’ एवढंच वाक्य असतं आणि गणितात सरासरी गृहीत धरलेली असते. द्राक्षबागेतल्या ओलाव्यासाठी सरासरी ठीक आहे. बांधासाठी नाही. बांधाच्या प्रमुखाने तीन गोष्टी पाठवायच्या. सगळ्यांत धोक्याचा आकडा कोणता, तो कुठल्या खांबाचा, आणि दहातल्या किती खांबांनी हजेरी दिली. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची असं माझं मत आहे. नऊच बोलले, सातवा गप्प. सेल संपला असेल, खेकड्याने तार कुरतडली असेल, नाहीतर सातवा खांब आत्ता पाण्याबरोबर कुणाच्या तरी खाचरात वाहत चालला असेल. या तिन्हींतलं काहीही असलं तरी तिथे टॉर्च घेऊन जायला हवं.

आणि प्रमुखच वाहून गेला तर? मग पुढच्या फेरीपर्यंत अख्खा गट मुका. तासाभराची फेरी असेल तर तासभर. भरतीच्या काळात फेऱ्या दहा मिनिटांच्या कराव्या आणि ओहोटीला परत तासाच्या, हा साधा उपाय. भरतीचं वेळापत्रक तर कोळीवाड्यातल्या कुणालाही तोंडपाठ असतं, ते पेटीच्या मेंदूत घालायला काहीच अवघड नाही.

८. कागदावरचं शेत आणि खरा डोंगर

लीचनंतर सुधारणांचा पूर आला. भिशीत सगळ्यांना सारखी संधी, पण कुणाच्या पोटात कमी उरलंय हे ती बघत नाही. म्हणून २००४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या ओसामा युनिस आणि सोनिया फाहमी यांनी ‘हीड’ ही पद्धत मांडली. ज्याच्यात जास्त ऊर्जा शिल्लक त्याने पुढे व्हायचं, आणि दोघे तुल्यबळ असले तर ज्याच्याशी बोलणं सभासदांना स्वस्त पडतं त्याने. दुसरी अडचण लांबच्या गटांची. त्यांचे प्रमुख चौकीपर्यंत एका दमात ओरडण्याऐवजी मधल्या प्रमुखांच्या हाती निरोप देतात. मग चौकीलगतच्या प्रमुखांचा वडखळ नाका होतो: अलिबागचं, पेणचं, गोव्याकडचं, सगळं त्यांच्याच डोक्यावरून. ते आधी मरतात. यावर तोड अशी की चौकीजवळचे गट मुद्दाम लहान ठेवायचे. स्वतःची माणसं कमी, म्हणजे परक्यांचं ओझं वाहायला अंगात जोर उरतो.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत या विषयावर किती प्रबंध लिहिले गेले असतील याची गणती नाही. बहुतेकांत शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद असं सपाट शेत, संगणकातलं. त्यात पाऊस नाही, गंज नाही, खेकडा नाही. खरी जाळी उभारणारे लोक बाहेर पडले तेव्हा त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे.

२००२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत आणि आसपास ३२ नोड ठेवले होते. योगायोग असा की त्या पक्ष्याच्या इंग्रजी नावातही ‘लीच’ आहे. पण पद्धत लीचची नव्हती. हे नोड जवळच्या एका ठरलेल्या पेटीला सांगत, तिला सौर पत्रा जोडलेला, आणि ती पुढे तळाला कळवी. केरळात मुन्नारच्या उतारावर अमृता विद्यापीठाने २००८ च्या सुमारास दरडीवर नजर ठेवणारं जाळं उभारलं. जमिनीत खोल उतरवलेल्या नळ्या मातीतल्या पाण्याचा दाब मोजतात, आकडे रेडिओने जवळच्या केंद्राकडे आणि तिथून उपग्रहामार्गे दूर कोल्लमच्या किनाऱ्यावरच्या आवारात जातात. २००९ च्या जुलैतल्या मोठ्या पावसात त्यांनी धोक्याचा इशाराही दिला होता. आपल्याकडे पवईच्या आयआयटीत प्रा. उदय देसाई, प्रा. टी. एन. सिंग आणि सहकाऱ्यांनी सह्याद्रीच्या दरडी डोळ्यांपुढे ठेवून ‘सेनस्लाइड’ नावाची रचना केली. तिची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोजकी महागडी यंत्रं बसवण्यापेक्षा खडकातला ताण मोजणारे पुष्कळ स्वस्त नोड पेरायचे. त्यातले काही मेले तरी जाळं जिवंत राहावं, ही तिच्यामागची दृष्टी. कोकण रेल्वेने पावसाळ्यात प्रवास केलेल्याला याची गरज समजावून सांगावी लागत नाही. १६ जून २००४ ला महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस रुळावर आलेल्या दगडांनीच घसरली होती.

प्रत्यक्षातल्या जाळ्यांत गट दिसतात, फिरती प्रमुखकी क्वचितच. शंभरातल्या पाच खांबांना सौर पत्रा आणि मोठी बॅटरी देऊन कायमचे प्रमुख करणं सोपं आणि खात्रीचं पडतं. ज्याच्या डोक्यावर ओझं त्याच्या ताटात जास्त वाढायचं. माझा कलही तिकडेच आहे. खारेपाटात पेट्या मरतात त्या बहुधा खाऱ्या हवेने जोडांना गंज चढून, भिशीचं गणित चुकून नव्हे.

मग लोक म्हणतात, आता ‘लोरा’ नावाचं रेडिओतंत्र आलंय, ते किलोमीटर-किलोमीटर बोलतं, गटांची गरजच काय? लोरा खरंच कामाचं आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ते परवान्याशिवाय वापरता येतं, आणि ओल्या झाडोऱ्यातून वायफायच्या लहरींपेक्षा त्याच्या लहरी बऱ्या पार होतात. पण फुकट काहीच नाही. लोरा लांब पोचतं ते मोठ्याने बोलून नव्हे, सावकाश बोलून. जवळचा नोड एक लहान निरोप सेकंदाच्या विसाव्या हिश्शात सांगून झोपी जातो, तेच शब्द सर्वांत लांबच्याला सेकंदभर लांबवून म्हणावे लागतात. ओरडण्याची किंमत गेली, त्याजागी वेळेची आली. शंभर खांब एकाच भरतीला एकदम बोलायला उठले तर ते एकमेकांच्या शब्दांवर शब्द टाकणार. म्हणजे पुन्हा कुणीतरी पाळी लावायला हवी.

९. कोण कुणाच्या गटात

आतापर्यंत आपण ‘जवळचे ते एका गटात’ असं धरून चाललो. रेडिओच्या दृष्टीने ते बरोबर. पाण्याच्या दृष्टीने?

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला एक खांब आणि शेताकडच्या अंगाला एक, मध्ये चार मीटर. जाळ्यातले सर्वांत जवळचे शेजारी, आणि त्यांचं पाणी पूर्ण वेगळं. एकाला भरती-ओहोटी, दुसऱ्याला पाऊस. त्यांचे आकडे एकत्र कालवले तर हाती काहीच लागत नाही. पण त्यांना एकाच प्रमुखाकडे ठेवून दोघांतला फरक पाहिला, तर ओहोटीला शेतातलं पाणी अचानक उतरताना दिसेल, आणि ते बांधाच्या पोटातून वाट फुटल्याचं पहिलं चिन्ह. उलट दोनशे मीटरवरचे दोन खांब एकाच खाजणाच्या तोंडाशी असतील तर ते तेच ते सांगणार. त्यातला एक झोपला तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने झोपावं. गट पाडताना अंतर हा एक निकष, एकच पाणी पाहणारे कोण हा दुसरा. दुसरा निकष आकड्यांवरूनही हळूहळू शोधता येतो. महिनाभराच्या नोंदी घ्यायच्या आणि कुणाचे आकडे एकत्र चढतात-उतरतात ते बघायचं. त्यात निदान दोन उधाणं जातात.

आजोबांना मी हेच विचारलं, की तुम्ही असता तर कुठले खांब कुठल्यांबरोबर बांधले असते. त्यांनी उठून उघाडीकडे बोट दाखवलं, जिथून शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात. या उघाडीपासून त्या मोडक्या तिवरापर्यंत एक पाणी, म्हणाले, त्याच्या पुढे वळणापर्यंत दुसरं, तिथे धार आपटते. वळणाच्या पलीकडे भरती अर्ध्या घटकेने उशिरा भरते, ते तिसरं. आणि पहिला खांब उघाडीच्या दगडाला लागून लावा, माती आणि दगड जिथे भेटतात तिथेच खेकडं आधी शिरतं. मी वहीत तीन गोल काढले आणि पहिल्या गोलात उघाडीपाशी एक फुली मारली.